वाचक विचारतात : जाकिटाने किरण किती अडतात?

अणुवीज केंद्रात देखभालीचे काम करणाऱ्यांसाठी मिळणाऱ्या संरक्षक जाकिटांबद्दल बरेच प्रश्न जमले होते. त्यांतले निवडक येथे घेतले आहेत. उत्तरांत वजनाचा हिशेब पुन्हा पुन्हा येईल. त्याला इलाज नाही, कारण हा सगळा मामला शेवटी किलोंचा आहे.

प्रश्न : एक्स-रे विभागात वापरतात तसे ०.५ मि.मी. शिशाचे अ‍ॅप्रन आमच्याकडे पडून आहेत. अणुभट्टी बंद असताना पंप आणि व्हॉल्व्हच्या दुरुस्तीला ते घातले तर चालतील का?

चालतील, पण डोस (शरीराला बसणारा किरणांचा मारा) घटेल या आशेने घालू नका. एक्स-रे खोलीत विखुरलेल्या किरणांची ऊर्जा साधारण शंभर केईव्हीच्या (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणाच्या ऊर्जेचे एकक) आत असते. त्या ऊर्जेला शिसे किरणांना अक्षरशः गिळते. १०० केईव्हीच्या शंभर किरणांपैकी ०.५ मि.मी. शिशातून जेमतेम चार-पाच पार होतात. म्हणूनच तिथे साडेतीन-चार किलोंचा अ‍ॅप्रन इतके मोठे काम करतो.

भट्टी बंद झाल्यावर पाइप आणि व्हॉल्व्हजवळ जो डोस मिळतो, तो मुख्यतः आतल्या भिंतींवर बसलेल्या किरणोत्सर्गी गंजातून निघणाऱ्या गॅमा किरणांचा असतो. त्या गंजात कोबाल्ट-६० (१.१७ आणि १.३३ एमईव्ही; एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) आणि कोबाल्ट-५८ (०.८१ एमईव्ही) हे नेहमीचे. इंधनकांडी फुटलेली असेल तर सीझियम-१३७ (०.६६ एमईव्ही) त्यांच्या जोडीला येते. एवढ्या ऊर्जेला शिशाची गिळण्याची ताकद संपते. किरण बहुतांशी विखुरतो, थोडी ऊर्जा गमावतो आणि पुढे जातो. आकडे असे : तोच ०.५ मि.मी.चा थर कोबाल्ट-६० च्या किरणांपैकी सुमारे ३ टक्के अडवतो आणि सीझियम-१३७ च्या किरणांपैकी सुमारे ६ टक्के. २ मि.मी. शिसे घेतले तर अनुक्रमे १२ आणि २२ टक्के. कोबाल्टचे किरण निम्म्यावर आणायचे तर १ सें.मी.पेक्षा जास्त शिसे लागते, आणि ते अंगावर घेऊन कोणी व्हॉल्व्ह उघडू शकत नाही.

हे आकडे सरळ, बारीक झोताचे आहेत. प्रत्यक्षात विखुरलेले किरणही शरीरापर्यंत पोहोचतात, म्हणून फायदा याहून थोडा कमी भरतो. उलट दिशेचाही एक परिणाम आहे. काँक्रीटच्या भिंतीमागे, किंवा पाण्याने भरलेल्या जाड उपकरणाजवळ, किरण आधीच बरेच विखुरून दमलेले असतात. अशा जागी तेच जाकीट कागदावरच्या हिशेबापेक्षा चांगले काम करते. त्यामुळे एका खोलीतला अनुभव दुसऱ्या खोलीला लावू नये.

आणि अ‍ॅप्रनवरचा ‘०.५ मि.मी. शिसे-समतुल्य’ हा शिक्का नीट वाचा. ही समतुल्यता एक्स-रे नळीच्या ठरावीक व्होल्टेजला, बहुधा १०० किलोव्होल्टच्या आसपास, मोजलेली असते. शिसेविरहित अ‍ॅप्रनमध्ये बिस्मथ, अँटिमनी, कथील असे धातू असतात. ते त्या व्होल्टेजला शिशाची बरोबरी करतात, कोबाल्टला नाही. हलका शिसेविरहित अ‍ॅप्रन अणुवीज केंद्रात शिशाच्या अ‍ॅप्रनपेक्षाही कमी अडवतो. कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : टंगस्टनची जाकिटे शिशापेक्षा हलकी आणि जास्त प्रभावी असतात, असे विक्रेते सांगतात. खरे काय?

पातळ असतात हे खरे. हलकी असतात हे खरे नाही.

टंगस्टनची घनता १९.३ आणि शिशाची ११.३, म्हणून सारख्याच अडवणुकीला टंगस्टनचा थर पातळ लागतो. पण १ एमईव्हीच्या आसपास किरण अडवण्याची ताकद धातूच्या जातीवर फारशी अवलंबून नसते. ती ठरते दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम माल आहे यावर. शिसे घ्या, टंगस्टन घ्या, लोखंड घ्या, नाहीतर पाणी घ्या. कोबाल्टचे किरण १० टक्क्यांनी कमी करायला दर चौरस सेंटिमीटरला पावणेदोन ते दोन ग्रॅम माल हवाच.

धडाचा पुढचा, मागचा आणि बाजूचा भाग झाकायला सुमारे ६,००० चौरस सेंटिमीटरचे जाकीट लागते. ६,००० गुणिले १.८ म्हणजे जवळपास ११ किलो. हे १० टक्क्यांसाठी. ५० टक्क्यांसाठी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे ७२ किलो. कोणत्याही कंपनीचे माहितीपत्रक हातात आले की आधी वजन आणि झाकलेले क्षेत्रफळ शोधा आणि हा भागाकार करा. सात किलोंचे, पूर्ण धड झाकणारे जाकीट कोबाल्टचा डोस २५ टक्क्यांनी कमी करते असे लिहिले असेल, तर तो आकडा दुसऱ्या कुठल्यातरी ऊर्जेचा आहे.

मग टंगस्टन घ्यावे कशाला? तीन कारणे पटण्यासारखी आहेत. एक, पातळपणामुळे हात हलवायला आणि वाकायला सोपे जाते. रबर किंवा प्लास्टिकमध्ये टंगस्टनची भुकटी मिसळून केलेले पत्रे शिशासारखे घडीवर तुटत नाहीत. दोन, शिशाच्या विषारीपणाचा प्रश्न राहत नाही, आणि निकामी झालेले, वर दूषितही झालेले शिसे कुठे टाकायचे ही डोकेदुखी वाचते. तिसरे कारण थोड्यांनाच उपयोगी पडेल : ७० ते ८८ केईव्ही या चिंचोळ्या पट्ट्यात टंगस्टन वजनाला वजन शिशापेक्षा जास्त शोषते. झेनॉन-१३३ चा ८१ केईव्हीचा किरण नेमका याच पट्ट्यात येतो.

प्रश्न : मग जाकीट घालायचे की नाही, हे कामाआधी कसे ठरवावे?

चार गोष्टी कागदावर मांडा : किरणांची ऊर्जा, त्यांची दिशा, कामाला लागणारा वेळ, आणि जाकिटामुळे तो वेळ किती वाढेल. पहिल्या तीन सगळे मांडतात. चौथी राहून जाते.

एक उदाहरण घेऊ. छातीशी डोस-दर ०.८ मिलिसिव्हर्ट (डोसचे एकक) प्रति तास आणि काम ४५ मिनिटांचे, म्हणजे डोस ०.६ मिलिसिव्हर्ट. ११ किलोंचे जाकीट धडावरचा डोस १० टक्क्यांनी घटवते. डोके, हात आणि मांड्या उघड्याच असतात, त्यामुळे पूर्ण शरीराचा परिणामी डोस सुमारे ९ टक्क्यांनीच घटतो. आता ४५ ला ०.९१ ने भागा. उत्तर येते साडेएकोणपन्नास. म्हणजे जाकिटामुळे काम साडेचार मिनिटांनी लांबले की सगळा फायदा संपला. त्यापुढचे प्रत्येक मिनिट तोट्याचे. अकरा किलो अंगावर घेऊन, मास्क लावून, अडचणीच्या जागी वाकून बोल्ट सोडवणाऱ्याची साडेचार मिनिटे सहज जातात. एक बोल्ट हातातून निसटला तरी तेवढी जातात.

म्हणून आधी सराव करून घ्या. स्वच्छ जागेत, तशाच उंचीवर, तसाच व्हॉल्व्ह, तीच हत्यारे. एकदा जाकिटासह आणि एकदा जाकिटाशिवाय, दोन्ही वेळा घड्याळ लावून. दमलेला माणूस दुसऱ्या फेरीत मंदावतो, म्हणून दोन्ही फेऱ्या एकाच दिवशी एकाच माणसाकडून करून घेऊ नका.

फायद्याचे पारडे दोन प्रसंगी नक्की जड होते. पहिला, माणूस जवळजवळ हलतच नाही : वेल्डिंगवर नजर ठेवणारा, दाराशी उभा राहून डोसवर लक्ष ठेवणारा आरोग्य-भौतिकी तंत्रज्ञ, पडद्यावर यंत्रमानव चालवणारा. त्याच्या कामाचा वेग जाकिटाने कमी होत नाही. दुसरा, किरण एकाच बाजूने येतात. समोर कमरेच्या उंचीवर एकच गरम पाइप असेल, तर १० किलो माल ६,००० चौरस सेंटिमीटरवर पसरवू नका. तोच पोट आणि छातीच्या खालच्या भागावर २,००० चौरस सेंटिमीटरमध्ये ठेवा. तिथे दर चौरस सेंटिमीटरला ५ ग्रॅम होतात आणि कोबाल्टची घट १० वरून २५ टक्क्यांवर जाते. खिशांत पट्ट्या सरकवून वजन हलवता येईल अशी जाकिटे याच कामाची. मात्र माणूस पाइपकडे पाठ करून उभा राहिला की हा सगळा हिशेब कोसळतो. समोरची जाड पट्टी पाठीमागून येणाऱ्या किरणांना काहीच करत नाही. काम वळून-फिरून करायचे असेल तर हा मोह टाळा.

आणि जाकिटाची मागणी नोंदवण्याआधी कवच स्रोतावर टाकता येते का ते पाहा. पाइपलाइनमध्ये पाणी भरून ठेवले तरी पाइपजवळचा डोस बराच उतरतो. आत साचलेला गाळ धुऊन काढता येतो. शिशाच्या लोकरीच्या गोधड्या पाइपवर टांगता येतात, मात्र पाइप आणि त्याचे आधार तेवढे वजन पेलतील का, हे अभियंत्याने तपासल्यावरच. लांब दांड्याच्या हत्याराने अंतर ३० सें.मी.वरून ६० सें.मी. झाले, तर लांब पाइपजवळचा डोस-दर निम्मा होतो, आणि एखाद्या ठिपक्याएवढ्या हॉट स्पॉटचा चौथाई. ७२ किलोंचे जाकीट जे करील, ते इथे एक दांडा करतो.

प्रश्न : डोसिमीटर (डोस मोजणारा बॅज) जाकिटाच्या आत लावायचा की बाहेर? आमच्याकडे यावरून दर वेळी वाद होतो.

वाद रास्त आहे, कारण एकच बॅज असेल तर दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. आतला बॅज डोके, हात आणि मांड्यांना बसलेला डोस पाहत नाही, म्हणून कमी दाखवतो. बाहेरचा बॅज सगळे धड उघडे असल्यासारखे मोजतो, म्हणून जास्त दाखवतो. एकच बॅज लावण्याची वेळ आली तर तो बाहेर, सर्वांत जास्त डोस बसणाऱ्या जागी लावा. नोंद थोडी जास्त झाली तर चालते, कमी होऊन चालत नाही.

जाकिटाचा फायदा नोंदीत दिसायला हवा असेल तर अनेक बॅज लावावे लागतात. शरीराचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात सर्वांत जास्त डोस बसेल तिथे एक बॅज लावायचा, आणि वाचनांना वजनांक देऊन बेरीज करायची. प्रचलित वजनांक असे आहेत : डोके व मान ०.१०, छाती ०.३८, पोट व ओटीपोट ०.५०, दोन्ही दंड आणि दोन्ही मांड्या प्रत्येकी ०.००५. बेरीज बरोबर एक.

समजा वाचने अशी आली : डोक्याजवळ ०.५० मिलिसिव्हर्ट, जाकिटाखाली छातीवर ०.४०, जाकिटाखाली पोटावर ०.३६, दंड व मांड्यांवर ०.५०. मग ०.०५ अधिक ०.१५२ अधिक ०.१८ अधिक ०.०१, म्हणजे ०.३९ मिलिसिव्हर्ट. गळ्याशी बाहेर लावलेल्या एकाच बॅजने ०.५० नोंदवले असते आणि पोटावर आत लावलेल्या बॅजने ०.३६. खरा आकडा मध्ये आहे.

यात हमखास होणाऱ्या चुका सांगतो. कुठला बॅज कुठे लावला होता याची नोंद न करता सगळे एका पिशवीत गोळा करणे ही पहिली. अशाने पूर्ण संच वाया जातो. छातीचा बॅज जाकिटाच्या काठावर अर्धा आत, अर्धा बाहेर राहणे ही दुसरी. तिसरी चूक वैद्यकीय क्षेत्रातले दोन-बॅजचे सूत्र उचलून इथे लावणे. ते सूत्र एक्स-रेच्या ऊर्जेसाठी आणि पातळ अ‍ॅप्रनसाठी बांधलेले आहे, कोबाल्टला ते लागू नाही. कोणतीही पद्धत वापरा, ती तुमच्या नियामक संस्थेने मान्य केलेली असली पाहिजे आणि काम सुरू होण्याआधी लिहून ठरलेली असली पाहिजे. वाचने आल्यावर सोयीची पद्धत निवडणे म्हणजे हिशेब नव्हे.

गजर देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डोसिमीटरचे वेगळे. तो जाकिटाखाली दडपला की एकीकडे वाचन कमी होते आणि दुसरीकडे गजर ऐकू येत नाही. तो बाहेरच ठेवा, कानाजवळ किंवा दंडावर. गोंगाटाच्या जागी कंप देणारा किंवा दूरवरून वाचता येणारा घ्या. आणि जाकीट घातले म्हणून गजराची पातळी वाढवू नका.

प्रश्न : जाकिटाच्या आत शिरलेले किरण शिशावर आपटून परत शरीरात येतात, म्हणून जाकीट घालणे उलट घातक असते. हे खरे का?

नाही. पाठीमागून आलेला किरण शरीर ओलांडून समोरच्या शिशावर पोहोचतो आणि त्यातला थोडा भाग मागे विखुरतो, एवढे खरे. पण मागे फिरलेल्या किरणांची ऊर्जा खूप उतरलेली असते. शिसे स्वतःचे ७५ ते ८५ केईव्हीचे दुय्यम एक्स-रेही सोडते, तेही थोडेच. कापडाचे किंवा रबराचे अस्तर शिशातून सुटणारे इलेक्ट्रॉन त्वचेपर्यंत पोहोचू देत नाही, म्हणून शिसे उघडे ठेवत नाहीत. जाकीट घातक ठरते ते वेगळ्याच वाटेने : काम लांबवून, घाम काढून, किंवा माणसाला उगाच धीट करून.

प्रश्न : चेर्नोबिलच्या छतावर सैनिकांनी अंगाला शिशाचे पत्रे बांधले होते. उपयोग नसता तर बांधले असते का?

१९८६ मध्ये छतावर पडलेले ग्रॅफाइट आणि इंधनाचे तुकडे यंत्रांना उचलता येईनात, तेव्हा माणसांना फावडी देऊन पाठवले. त्यांच्या अंगावर हाताने कापलेले, काही मिलिमीटर जाडीचे शिशाचे पत्रे होते. ३ मि.मी. शिसे धरले तर धडावरचा गॅमा डोस किरणांच्या ऊर्जेनुसार साधारण अठरा ते तीस टक्क्यांनी उतरला असेल. बीटा किरणांना (वेगवान इलेक्ट्रॉनना) मात्र तेवढे शिसे पूर्ण अडवते, आणि फुटक्या इंधनाजवळ बीटाचा डोस प्रचंड असतो. त्वचेसाठी ते पत्रे नक्कीच उपयोगी होते. पण त्या माणसांना वाचवणारी मुख्य गोष्ट घड्याळ होती. एकेकाची पाळी मिनिट-दोन मिनिटांच्या घरात. धावत जायचे, एक-दोन फावडी खाली टाकायची, धावत परत यायचे. पाळी दोन मिनिटांऐवजी एक मिनिटाची केली की डोस ५० टक्क्यांनी घटतो, आणि त्याला एक किलोही वजन लागत नाही.

प्रश्न : न्यूट्रॉन, ट्रिटियम आणि हवेतली किरणोत्सर्गी धूळ यांपासून जाकीट किती वाचवते?

शिशाचे किंवा टंगस्टनचे जाकीट या तिन्हींपासून वाचवत नाही.

न्यूट्रॉनला मंद करायला हायड्रोजन लागतो : पाणी, पॉलिथिन, मेण. २०२२ च्या आर्टेमिस-१ मोहिमेत चंद्राभोवती फिरून आलेल्या धडाच्या दोन पुतळ्यांपैकी एकाला जे संरक्षक जाकीट घातले होते, तेही पॉलिथिनचेच होते, पण वेगळ्या कारणाने. तिथे शत्रू अवकाशातले प्रोटॉन होते, कोबाल्ट नव्हते. ‘अंतराळवीरांचे तंत्रज्ञान’ असे लेबल पाहून अणुवीज केंद्रासाठी जाकीट घेऊ नका.

ट्रिटियमचा (हायड्रोजनचे किरणोत्सर्गी रूप) बीटा किरण इतका दुबळा, जास्तीत जास्त १८.६ केईव्ही, की त्वचेचा मृत थरही त्याला अडवतो. धोका श्वासातून आणि त्वचेतून शरीरात शिरणाऱ्या ट्रिटियमयुक्त पाण्याच्या वाफेचा आहे. त्याला बाहेरून हवा पुरवलेला प्लास्टिक सूट हवा. हवेतल्या धुळीला योग्य मास्क हवा, आणि तो चेहऱ्यावर घट्ट बसतो याची चाचणी.

जोरदार बीटाला शिशाची गरज नाही. यिट्रियम-९० चे सर्वांत जोरदार बीटा किरण (२.२८ एमईव्ही) सुमारे ११ मि.मी. प्लास्टिकमध्ये थांबतात, आणि त्याच्या निम्म्या जाडीतही बहुतेक अडतात. त्यांच्यासाठी चेहऱ्याची ढाल, जाड रबरी हातमोजे आणि बूट पाहा. २४ मार्च २०११ रोजी फुकुशिमा दाइइचीच्या तिसऱ्या युनिटच्या टर्बाइन इमारतीत केबल टाकणारे तीन कामगार दूषित पाण्यात उभे होते. त्यांचा डोस १७० ते १८० मिलिसिव्हर्टच्या घरात गेला. दोघांच्या पायांत आखूड बूट होते, पाणी आत शिरले आणि पायांना बीटाची भाजणूक झाल्याच्या संशयावरून त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. डोसिमीटरचा गजर वाजत होता, तरी काम चालू राहिले. त्या दिवशी सर्वांत महागडे जाकीटही कामी आले नसते. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आले असते.

प्रश्न : कमरेला बांधायचे जाड पट्टे निघाले आहेत, फक्त ओटीपोट झाकणारे. उरलेले शरीर उघडे ठेवून काय मिळते?

त्यांचा हेतू वेगळा आहे. रोजच्या कामात कर्करोगाची शक्यता घटवण्यासाठी ते बनवलेले नाहीत. अपघातात आत जाणाऱ्या बचाव-पथकाला तीव्र किरणोत्सर्ग-आजारापासून वाचवणे हे त्यांचे काम. १ ग्रेच्या (शरीरात शोषल्या गेलेल्या डोसचे एकक) पुढे डोस गेला की अस्थिमज्जेचे रक्तपेशी बनवणे बरेच कमी होते. उपचार न मिळाल्यास ३ ते ४ ग्रेच्या आसपास निम्मी माणसे दगावतात, ती मुख्यतः मज्जा बंद पडल्याने. पण मज्जेचा काही हिस्सा शाबूत राहिला तर तो पुढे उरलेल्या हाडांत पसरतो आणि माणूस सावरतो. प्रौढ माणसाची बरीचशी कार्यरत मज्जा श्रोणीच्या हाडांत आणि कमरेच्या मणक्यांत असते. म्हणून १५ किलोंच्या आसपासचा माल तिथेच जाड थरात लावायचा.

कल्पना तर्कशुद्ध आहे. मात्र वार्षिक डोस-मर्यादेच्या आत चाललेल्या नेहमीच्या देखभालीत हा पट्टा मागवला असेल, तर छाती, फुप्फुसे आणि थायरॉइड उघडी राहतात हे लक्षात घ्या. तिथे तेच वजन धडभर किंवा स्रोताच्या बाजूला लावलेले बरे.

प्रश्न : गरोदर महिला कर्मचारी जाकीट घालून नियंत्रित क्षेत्रात काम करू शकते का?

जाकिटाच्या भरवशावर नाही. गरोदरपण जाहीर केल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला बसणारा जादा डोस साधारण १ मिलिसिव्हर्टच्या आत राहावा, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. कोबाल्टच्या क्षेत्रात दहा-बारा टक्क्यांच्या घटीने ही मर्यादा सांभाळता येत नाही, आणि पोटावर-पाठीवर अकरा किलो लादणे वेगळ्या कारणांनी वाईट. काम बदलून द्यावे.

प्रश्न : जाकिटांची देखभाल कशी करावी? आमची दोन जाकिटे वर्षभरात खराब झाली.

बहुधा घडी घालून ठेवली असतील. शिशाचे रबर घडीवर भेगाळते. जाकीट रुंद, जाड खांद्याच्या हँगरवर टांगा किंवा सपाट पसरून ठेवा. तारेच्या हँगरवर खांद्याची शिवण कापली जाते. भुकटी भरलेल्या जाकिटांत वेगळा रोग आढळतो. आतला माल खाली सरकतो, खांद्याशी पोकळी होते आणि खालचा काठ फुगतो. उजेडात धरून काही दिसत नाही. हाताने चाचपत कप्प्याकप्प्याने तपासा, आणि घेतल्या दिवशीचे वजन प्रत्येक जाकिटावर लिहून ठेवा. वजन घटले म्हणजे माल गळला.

भेगा पाहायला एक्स-रेचा पडदा उत्तम. तो नसेल तर छोटा सीलबंद गॅमा स्रोत एका बाजूला आणि सर्व्हे मीटर दुसऱ्या बाजूला धरून ठरावीक चौकोनांत मोजत जा. कमी ऊर्जेचा स्रोत घ्या, उदाहरणार्थ अमेरिशियम-२४१ (५९.५ केईव्ही). त्यात भेग लगेच उठून दिसते. सीझियमने भेग शोधायला गेलात तर चांगला भाग आणि फुटका भाग यांत ६ टक्क्यांचाच फरक, तो मीटरच्या काट्याच्या थरथरीत हरवतो.

जाकीट प्रत्यक्ष कामाच्या जागी किती अडवते हे मोजायचे असेल तर माणसावर प्रयोग करू नका. ३० बाय ३० बाय १५ सें.मी.चा पाण्याचा डबा धडाच्या जागी ठेवा आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर लावा. एकदा जाकिटासह आणि एकदा जाकिटाशिवाय, सारखाच वेळ, डोसिमीटर तिथेच. किमान १०० मायक्रोसिव्हर्ट (०.१ मिलिसिव्हर्ट) जमू द्या. पडद्यावर एकेक मायक्रोसिव्हर्ट दिसत असेल तर १० जमवून १० टक्क्यांचा फरक कळणार कसा? एक डोसिमीटर आत आणि एक बाहेर लावून एकाच फेरीत मोजणे सोपे वाटते, पण दोन डोसिमीटरांतला मुळातला फरकच कधीकधी जाकिटाच्या फायद्याएवढा असतो.

दूषितीकरणाचे म्हणाल तर जाकीट संरक्षक कपड्यांच्या आत घाला. बाहेर घालावेच लागले तर वरून वापरून टाकण्याचे प्लास्टिक आवरण चढवा. शिवणीत, बकलांत आणि वेल्क्रोत शिरलेली धूळ निघत नाही. प्रत्येक वापरानंतर पुसणी घेऊन (कापडाने पुसून) कापडावर आलेली किरणोत्सर्गी धूळ मोजा, आणि शिवणीची वेगळी पुसणी घ्या. आवरण फाटून शिसे उघडे पडले असेल तर जाकीट वापरातून काढा, आणि हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ-पिऊ नका.

प्रश्न : उंचीवर काम करताना सुरक्षा-हार्नेस जाकिटाच्या वर की खाली?

वर. हार्नेसखालचे जाकीट दाबले जाते, म्हणून जाकीट घालूनच पट्टे पुन्हा बसवा आणि पाठीवरची कडी खांद्यांच्या मध्ये आली आहे का ते दुसऱ्याकडून पाहून घ्या. धक्का शोषणारी दोरी, हार्नेस आणि शिडी या तिन्हींवर लिहिलेली वजनमर्यादा माणूस, जाकीट आणि हत्यारे मिळून मोजा. नव्वद किलोंच्या माणसाला अकरा किलोंचे जाकीट आणि हत्यारांची पिशवी चढवली की शंभर किलोंची मर्यादा गेलीच.

या मांडणीत एक अडचण राहते : हार्नेस काढल्याशिवाय जाकीट काढता येत नाही. बंदिस्त जागेत माणूस उष्णतेने कोसळला तर बाहेर ओढणाऱ्याला ते अकरा किलोही ओढावे लागतात. अशा जागी एका ओढीत सुटणाऱ्या बकलांचेच जाकीट घ्या, बचाव-पथकाला ते सोडवण्याचा सराव द्या, आणि उष्णतेसाठी काम-विश्रांतीचे वेळापत्रक जाकीट धरून नव्याने आखा. ते जमत नसेल तर त्या जागी जाकीट नको.